डाव्या बाजूचा चोरखिसा

कच्छातल्या मांडवीच्या खारवावाडीत लग्न ठरलं, की आधी वेलबाईकडं पोलक्याचं माप द्यायचं आणि मग भटजीला मुहूर्त विचारायचा. वेलबाईच्या हातचं पोलकं अंगावर असं बसायचं, की बाईला वाटावं आपण वीस वर्षांच्याच आहोत. शिवणकामाला जितकी चोख, तितकीच ती तोंडाला फटकळ. "पोट आत घे" असं ती माप घेताना शेठाणीलाही सांगायची आणि शेठाणी मुकाट आत घ्यायची.

तिच्या पोलक्याची आणखी एक खूण होती. आतून, डाव्या बाजूला, छातीपाशी एक चोरखिसा. तो मागावा लागत नसे, तो असायचाच. वाडीतली बाप्येमाणसं सगळी दर्यावर, गलबतांवर खलाशी. शारजा, बरबेरा, सलाला, अशा लांबलांबच्या बंदरांच्या फेऱ्या. मोबाइल आले तशी वेलबाईनंच ही युक्ती काढली. फोन छातीशी असला म्हणजे वाजायच्या आधीच त्याची थरथर कळते, मग बाई नळावर असो की चुलीपाशी.

कारण आमच्या वाडीत एक रीत होऊन बसली होती. दर्यावरनं फोन आला, तर तो तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा. आणि उचलायचा तो आईनं. बायकोचा नंबर मागाहून.

ही रीत काही देवानं सांगितलेली नव्हती. ती पुरबाईपासून सुरू झाली. पुरबाई वेलबाईची शेजारीण, भिंतीला भिंत. वीस वर्षांपूर्वी एका दुपारी ती नळावर पाणी भरत होती आणि घरात कोनाड्यातला फोन वाजला. हंडा खाली ठेवून, पदर सावरून धावली, तोवर तो बंद पडला. तिचा मुलगा कानजी त्या फेरीहून परत आला नाही. फोन वाजला तेव्हा गलबत बुडत होतं, की आधीच बुडालं होतं, की फोन भलत्याच कुणाचा होता, हे कुणालाच ठाऊक नाही. पण वाडीला तेवढं पुरलं. पुरबाईला तर जन्माचं पुरलं. त्या दिवसापासून ती नळावर गेली नाही. तिचं पाणी वेलबाईची सून भरते.

तर ही अशी वाडी. आणि वेलबाईचा एकच मुलगा, वालजी. 'रूपसागर' गलबतावर खलाशी.

आषाढात गलबतं खाडीत ओढून ठेवलेली असतात आणि बाप्ये घरी असतात. नशीब म्हणायचं, कारण त्याच आषाढात वेलबाई भाजीबाजारात वांगी निवडता निवडता उभ्याची आडवी झाली. वालजीनं तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि भुजला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिचं काळीज मधेच उधळतं, लगाम तुटलेल्या घोड्यासारखं. मग डाव्या खांद्याच्या हाडाखाली कातडी उघडून त्यांनी एक डबी बसवली. काडेपेटीएवढी. वरनं हात फिरवला की बोटांना लागायची.

"काळीज उधळलं, की ही डबी आतनं एक झटका देईल," डॉक्टर म्हणाले. "गाढवानं लाथ मारल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही, मा. ती लाथच जीव वाचवते."

घाबरायचं नाही म्हणे! छातीत गाढव बांधून द्यायचं आणि वर सांगायचं घाबरू नका. वेलबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं एवढंच विचारलं, "डाक्टरसाहेब, पोराशी फोनवर बोललं तर चालेल?"

"बोला की. खुशाल बोला," डॉक्टर म्हणाले.

त्या पुढंही ते पुष्कळ बोलले. उजव्या कानाला लावा. डबीपासून वीतभर तरी लांब ठेवा. पोलक्यात ठेवू नका. लोहचुंबक असलेली कुठलीही वस्तू छातीजवळ नको. पण 'खुशाल' हा शब्द कानात पडला आणि वेलबाईचे कान मिटले. तिला हवं होतं ते मिळालं होतं. वालजी खोलीतच होता, पण खिडकीशी उभा राहून गलबताच्या तांडेलाशी फोनवर बोलत होता. आणि सून रसीला, जिनं एक अक्षर सोडलं नसतं, ती बाहेर बाकावर बसली होती, कारण आत एकालाच सोडत होते. अशा वेळी शहाणं माणूस नेमकं बाहेर असतं.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिले आणि गलबतं निघाली. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, म्हणून वेलबाई पदर तोंडात कोंबून उभी राहिली. वालजी दिसेनासा झाला तशी घरी आली आणि फोन डाव्या चोरखिशात घातला. डबीच्या अगदी खाली.

त्या दिवसापासून तिला दोन भीती जडल्या. एक दर्याची, ती जुनीच. दुसरी लाथेची. झोपायची तर उजव्या कुशीवर, शिंकायची तर बेतानं. ढग गडगडला तरी छातीवर हात जायचा. "दर्यालाला, पोराला सांभाळ, आणि ह्या गाढवाला झोपूनच राहू दे," अशी तिची रोजची विनवणी. देव विनवण्या ऐकतो, पण कशा ऐकतो ते बघा.

नवरात्र झालं आणि शारजाहून परतलेल्या एका खलाशाबरोबर वालजीनं आईला भेट धाडली. फोनचं कव्हर. लाल चामड्याचं, झाकणाचं. झाकण नुसतं जवळ नेलं, की आपलं आपणच टक्क करून चिकटायचं. वेलबाईनं ते अख्ख्या वाडीला दाखवलं. उघडायची, टक्क. उघडायची, टक्क.

"आणि मला काय धाडलंय?" रसीलानं विचारलं.

"तुला नवरा दिलाय ना मी? अजून काय हवं?"

"दिलाय, पण त्याचा आवाज तुमच्या पोलक्यात कोंडून ठेवलाय," रसीला म्हणाली. "तुमचं पोटभर बोलून झालं की उरलंसुरलं माझ्या फोनवर येतं. तोवर त्याचे पैसे संपतात."

"रीत आहे ती."

"रीत सासवांनीच काढलेली."

वेलबाई हसली. सून तिला आवडायची, पण हे काही ती बोलून दाखवणारी नव्हती. नव्या कव्हरातला फोन तिनं खिशात सरकवला आणि मशीनवर बसली. दिवाळीच्या पोलक्यांचं काम अंगावर होतं.

एक बाही जोडून होते न होते, तोच बारीक आवाज आला. ट्यूंऽ. तिनं पाय थांबवला. मशीन गप्प, आणि आवाज चालूच. फोन असेल म्हणून काढून बघितला. फोनचा पडदा काळाठिक्कर. आवाजही थांबला. परत खिशात घातला. घटकाभर काही नाही, आणि मग पुन्हा, ट्यूंऽ. आणि आता तिला कळलं, की हा आवाज बाहेरून येत नाही. तो तिच्या आतून येतोय. छातीतून.

 तेवढ्यात रस्त्यानं कुणीतरी ओरडत गेलं, "बंदरावर बावटा चढला! दर्यात वादळ उठलंय!"

आता तुम्ही-आम्ही असतो तर दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या असत्या. पण ज्या आईचा पोरगा दर्यावर आहे, तिला जगात वेगळ्या गोष्टी दिसतच नाहीत. सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं दिसतं. तिच्या मनानं पक्कं धरलं: फोन म्हणजे वालजी. फोन छातीशी नेला की आतनं हाक येते. पोराला लाइन लागत नाहीये, म्हणून त्याचा जीव असा हाक मारतोय.

तिनं हे रसीलाला सांगितलं नाही. पोर घाबरेल म्हणून. ती सांगायला गेली पुरबाईकडं.

पुरबाईनं वेलबाईच्या छातीला कान लावला. फोन खिशातच होता. दोघी श्वास रोखून बसल्या. वेलबाईनं फोन जरा हलवला, दाबला, आणि मग आलाच तो आवाज. पुरबाईनं कान काढला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या छातीत तेव्हा असं वाजलं असतं," ती म्हणाली, "तर मी नळावर गेलेच नसते."

मग तिनं वेलबाईचा हात धरून त्या लाल कव्हरावर ठेवला आणि वरून आपला हात दाबला. "काढू नकोस, वेलबाई. काही झालं तरी ह्याला छातीपासनं दूर करू नकोस. माझं ऐक."

जी बाई पोर गमावून बसली आहे, तिचा शब्द कोण मोडणार? वेलबाईनं त्या दिवसापासून फोन काढायचा सोडला. आंघोळीपुरता काढायची, तोही बादलीशेजारी पाटावर ठेवायची. वरून ओढणी आवळून बांधायची, झोपतानाही. आवाज यायचा आणि थांबायचा. आला की ती थरथरायची, की पोर संकटात आहे. थांबला की जास्तच थरथरायची, की का थांबला? मग अजून आवळून बांधायची.

भीतीचं असंच असतं. तिला जितकं जवळ धराल तितकी ती बोलते.

वादळ पश्चिमेला सरकलं. रूपसागर बरबेऱ्याहून निघून सलालाच्या वाटेवर होतं, आणि वादळही नेमकं त्याच वाटेवर. एक दिवस गेला, दुसरा गेला. वालजीचा फोन नाही. गलबताच्या शेठकडं बायका जाऊन बसायच्या. शेठ म्हणायचा, "कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकला असेल. तिथं लाइन नसते. आज ना उद्या येईल खबर." त्याच्या कपाळावरचा घाम मात्र वेगळंच सांगत होता. वेलबाईच्या घरी बाजरीचा रोटला भाजला जायचा आणि तसाच सुकून जायचा. ती घोटभर छाशेवर, नुसत्या ताकावर, दिवस काढत होती.

रसीलाला एकदा सासूच्या केसांना तेल लावताना तो आवाज ऐकू आला.

"मा, हे काय वाजतंय?"

"घड्याळ."

"तुमच्या छातीत घड्याळ?" रसीलानं तेलाची वाटी खाली ठेवली. "मा, ही डबी वाजतेय. मी भुजला फोन करते."

"काही नको! भुजला न्यायला निघशील, वाटेत रेंज जाईल, आणि तेवढ्यात वालजीचा आला तर?" वेलबाईनं दोन्ही हात छातीवर आवळले. "परत चिरतील मला. परत तिथं निजवतील आणि फोन काढून घेतील. वालजीची खबर येऊ दे, मग कुठं न्यायचं तिथं ने."

"तुम्हाला काही झालं तर त्यांना काय तोंड दाखवू मी?"

"आणि त्याला काही झालं तर मी कुणाला दाखवू?"

 भीती रसीलालाही होती, आणि दोन घाबरलेल्या माणसांत जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतं. "उद्या सकाळी जीप बोलावते," ती एवढंच म्हणाली. "मग ओरडा किती ओरडायचं ते."

पण उद्याच्या सकाळपर्यंत पोचायचं होतं कुणाला?

त्याच दुपारी वेलबाई मशीनवर बसली होती. काम होतं म्हणून नव्हे, तर हात रिकामे राहिले की मन दर्यावर जायचं म्हणून. पुरबाई समोर ओट्यावर जपमाळ घेऊन बसली होती. रसीला आत रोटले थापत होती. वेलबाई पाय मारत होती, आणि मारता मारता तिनं मान वर करून म्हटलं, "पुरबाई, अंधार का गं झाला?"

बाहेर टळटळीत ऊन होतं.

वेलबाई मशीनवर कोसळली आणि तिथून खाली घसरली. पुरबाईनं किंकाळी फोडली. रसीला पिठाच्या हातांनी धावत आली. वेलबाईचे डोळे अर्धे उघडे होते, ओठ काळेनिळे पडत होते. तोंडातून नुसती घरघर.

"पाणी आण! हळद आण! अगं कुणाला तरी बोलव!" पुरबाईला काही सुचत नव्हतं.

आणि त्याच वेळी वेलबाईच्या छातीत फोन वाजला.

तुम्ही म्हणाल, असं कुठं होतं का? होतं. दर्या असाच वेळ बघून बोलतो.

पहिली घंटी. रसीला सासूच्या उशाशी गुडघे टेकून बसली होती. दुसरी घंटी. आता इथं काय झालं ते नीट ऐका, कारण ह्यावरून वाडीत पुढं कितीतरी दिवस तोंडं चालली. रसीलानं सासूला हलवलं नाही, पाणी मारलं नाही, नाडी बघितली नाही. तिनं ओढणीची गाठ हिसकून तोडली, पोलक्याचे हूक टराटरा उपटले, डाव्या चोरखिशात हात घातला आणि फोन बाहेर ओढला. तिसरी घंटी वाजत होती.

"हॅलो! वालजी? वालजी, बोला, बोला ना!" ती फोन घेऊन दाराकडं धावली, कारण आत रेंज तुटायची.

"अगं बये!" पुरबाई किंचाळली. "सासू मरायला टेकलीय आणि तुला नवऱ्याचा फोन सुचतोय? अवदसा कुठली!"

फोनमधून वालजीचा आवाज येत होता. "रसीला? तू कशी काय? मा कुठाय? आम्ही सलालाला लागलो. सगळे सुखरूप. मा कुठाय, रसीला?"

रसीला उंबऱ्यावर उभी होती. तिला वालजीचा आवाज ऐकू येत होता आणि समोर सासूचा निळा चेहरा दिसत होता. ज्या आवाजासाठी ती रात्रंदिवस झुरली होती तो कानात होता, आणि तिचे डोळे सासूवरनं हलत नव्हते.

आणि मग वेलबाईचं अंग जमिनीवरून उसळलं.

कुणी हात लावला नव्हता. मासळी उडते तसं ते सगळं अंग एकदा उडालं आणि परत आदळलं. पुरबाई मागं कोलमडली. वेलबाईनं मोठ्यानं, भसाड्या आवाजात, श्वास ओढला. मग दुसरा. ओठांवरचा निळा रंग हळूहळू उतरला. तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलली?

"कुणी लाथ मारली गं मला?"

रसीला तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. फोन हातातच होता आणि त्यातून वालजी ओरडत होता, "मा! अरे कुणी सांगेल का काय झालं?"

सकाळसाठी ठरवायची ती जीप त्याच दिवशी बोलावून त्यांनी वेलबाईला भुजला नेलं. ह्या खेपेला रसीला आत गेली आणि तिला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. डबी तपासणारी फोरमबेन म्हणून एक तरुण बाई होती. तिनं वेलबाईच्या खांद्यावर एक चकती धरली आणि समोरच्या पडद्यावर डबीच्या पोटातली सगळी हकीकत उमटली. फोरमबेन बघत राहिली. एकदा बघितलं, मग पुन्हा वर जाऊन बघितलं.

"मा, तुम्ही छातीजवळ काय ठेवता?"

"काही नाही. फोन."

"दाखवा बघू."

रसीलानं पिशवीतून फोन काढला. लाल कव्हर, झाकण टक्क. फोरमबेननं तो वेलबाईपासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. "एक टाचणी द्याल?"

शिंपिणीजवळ टाचणी नसेल असं कधी होतं? वेलबाईच्या पदरालाच दोन होत्या. फोरमबेननं टाचणी कव्हराजवळ नेली मात्र, ती तिच्या चिमटीतून सुटली आणि झाकणाला जाऊन चिकटली.

"लोहचुंबक आहे ह्यात. म्हणून झाकण आपोआप मिटतं," ती म्हणाली. "ह्या डबीला चुंबक जवळ आलं, की ती झोपते. तशीच बनवलीय ती, आम्हाला कधी तिला गप्प बसवावं लागतं म्हणून. झोपली की काळीज उधळलं तरी ती झटका देत नाही. झोपताना मात्र ओरडते. ट्यूं करून. कुणीतरी मला निजवलंय, उठवा, म्हणून."



"म्हणजे," वेलबाईनं सावकाश विचारलं, "तो वालजी नव्हता?"

"कोण वालजी?"

"काही नाही. मग ती हाक कुणाची होती?"

"तुमचीच, मा. तुमच्याच जिवाची." फोरमबेननं पडद्याकडं बोट केलं. "आज दुपारी काळीज उधळलं तेव्हा डबी झोपलेलीच होती. फोन दूर झाला आणि ती जागी झाली, आणि तिनं आपलं काम केलं. कुणी काढला फोन?"

रसीलानं मान खाली घातली.

 लाथेची भीती घालवायला वेलबाई रोज देवाला विनवत होती, की हे गाढव झोपू दे. आणि ते झोपलंच होतं. ओढणीनं आवळून आवळून तिनंच ते झोपवलं होतं, आणि राखणदार निजलेल्या घरात ती एकटीच वावरत होती. पुरबाईचा हात तिला आठवला, वरून दाबणारा.  रसीलानं तिच्या खांद्याभोवती शाल घातली.

फोरमबेननं मग एकेक गोष्ट समजावली, आणि ह्या वेळी ऐकायला रसीला होती. फोन वापरायला काही हरकत नाही. उजव्या हातात धरा, उजव्या कानाला लावा. डबीपासून वीतभर दूर, कायमचा. पोलक्यात नाही, गळ्यात नाही, झोपताना उशाला नाही. चुंबकाचं कव्हर, चुंबकाच्या बटणाचा बटवा, काही छातीजवळ नको. आणि डबीतून आवाज आला, तर छातीजवळचं सगळं आधी दूर करायचं आणि तसंच इथं फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही. वेलबाईनं हाताची वीत उघडून छातीसमोर धरून बघितली. मापाचं तिला कळत होतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये रसीला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मा, खोटं बोलवत नाही. मी तुम्हाला वाचवायला हात नव्हता घातला. मी फोनलाच घातला. तुम्ही समोर मरत होता आणि माझ्या मनात एवढंच होतं, की तिसरी घंटी."

 वेलबाईनं सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "तू पडली असतीस आणि मी उभी असते, तरी मी तेच केलं असतं," ती म्हणाली. "आपण दोघी सारख्याच नालायक."

रसीला रडता रडता हसली.

घरी आल्यावर वेलबाईनं उसवणी घेतली आणि आपल्या सगळ्या पोलक्यांचे डावे खिसे उसवले. लाल कव्हर पेटीत गेलं, लुगड्यांच्या खाली. पोराची भेट ती. वाडीतल्या बायका आपापली पोलकी घेऊन आल्या, की आमचेही खिसे उसव. वेलबाई ओरडली, "तुमच्या छातीत डबी आहे का? मग कशाला माझा जीव खाता?" पण त्या ऐकेनात. भीती साथीसारखी असते, ती माप घेऊन येत नाही.

फोन आता समोरच्या कोनाड्यात राहू लागला. आणि हीच वेलबाईची खरी परीक्षा होती. छातीशी काही नाही. थरथर नाही. मशीन चालू असलं की घंटी ऐकू येत नाही, म्हणून ती दर दोन टिपा मारून पाय थांबवायची आणि कान द्यायची. आतली डबी गप्प होती, आणि ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे तिचं डोकं मानत होतं, पण मन मानत नव्हतं.

सलालाहून गलबत पुढं निघणार त्या दिवशीची गोष्ट. रसीला पुरबाईचं पाणी भरायला नळावर गेली होती. पुरबाई ओट्यावर. वेलबाई मशीनवर. आणि कोनाड्यात फोन वाजला.

वेलबाई ताडकन उठली आणि तशीच मागं ओढली गेली. पदराचं टोक सुईखाली शिवलं गेलं होतं. दुसरी घंटी. तिनं हिसडा दिला, दोरा तुटेना. तिसरी. "पुरबाई, उचल!" ती ओरडली. पुरबाई उठली नाही. तिला उठताच येईना. तिचे डोळे नळाच्या वाटेवर खिळले होते आणि जपमाळ हातातून गळून पडली होती. चौथी घंटी. पदर फाटला, वेलबाई कोनाड्यापाशी पोचली, हात लावला.

फोन बंद पडला.

वेलबाई तिथंच उभी राहिली, हात फोनवर. पुरबाई ओट्यावर. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. बाहेर कुठंतरी दाबेलीवाल्याचा तवा वाजत होता. वेलबाईचं काळीज धडधडत होतं, आणि तिला वाटलं, आता लाथ बसणार. बसू दे. वीस वर्षं पुरबाई कुठल्या घरात राहत होती, ते तिला त्या घडीला कळलं.

मग फोन पुन्हा वाजला.

वेलबाईनं उजव्या हातानं उचलला, उजव्या कानाला लावला, आणि डावा हात वीतभर उघडून छातीसमोर धरला. 

"मा? कुठं होतीस?" वालजीचा आवाज. "जेवत होतीस का? मी म्हटलं हाताला खरकटं असेल, म्हणून परत केला."

"परत केलास," वेलबाई म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. "होय रे. खरकटंच होतं हाताला. बोल."

पुरबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिचे ओठ हलत होते. "परत करतात?" ती म्हणाली. "नाही उचलला, तर परत करतात?"

"करतात की," वेलबाई फोन जरा बाजूला धरून म्हणाली.

पुरबाईनं चौकटीला धरलं. "मग माझा कानजी असता, तर त्यानंही केला असता गं. असता, तर केलाच असता." ती उंबऱ्यातच बसली. "म्हणजे मी नाही उचलला म्हणून नाही गेला तो."

"नाही, बाई. तुझ्यामुळं नाही."

पुरबाई रडत होती, आणि फोनमध्ये वालजी विचारत होता, कोण रडतंय म्हणून. तेवढ्यात रसीला आली, पुरबाईच्या घरात पाण्याची पहिली खेप ओतून, दुसरीसाठी रिकामी कळशी घेऊन. पुरबाईनं डोळे पुसले, उठली, आणि तिच्या हातातून ती कळशी ओढून घेतली.

"दे इकडं," ती म्हणाली. "माझी दुसरी खेप मी आणते."